आईच्या कायद्याविरुद्ध अपील

आईचा वाढदिवस पाच आठवड्यांवर होता, पण वहिनीने तो या रविवारीच उरकायचं ठरवलं. "मागून कोणाला जमतंय, कोणाला नाही," असं ती फोनवर म्हणाली आणि ठेवता ठेवता म्हणाली, "याच हं, वन्सं." धाकटीला तिथेच कळलं. वहिनी एरवी तिला 'अगं' म्हणायची. 'वन्सं' हा शब्द ती कपाटातल्या चांगल्या काचेच्या भांड्यांसारखा वापरायची, म्हणजे काही मोठं काम काढायचं असेल तेव्हाच.

काम काय ते सांगायची गरज नव्हती. मंगळवारी वरच्या कोर्टात एका लिफ्ट-मेकॅनिकचं अपील लागलं होतं. त्याला तीन वर्षांसाठी आत पाठवणारा न्यायाधीश म्हणजे दादा. अपिलात त्या मेकॅनिकची वकील म्हणजे धाकटी. आणि याच महिन्यात दादाचं नाव वरच्या कोर्टात बढतीसाठी विचारात होतं. वयाचा हिशेब बघता ही शेवटची वेळ. यादी करणारे लोक आणखी काही वाचोत न वाचोत, कोणाचे निकाल वर जाऊन उलटले एवढं मात्र नक्की वाचतात.

दादासमोर धाकटीला वकील म्हणून उभं राहता येत नाही, असा नियम आहे. दादाच्या निकालाविरुद्ध उभं राहता येत नाही, असा नियम नाही. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात असलं घर आलंच नसावं. तरी तिने वकील मंडळाला लेखी विचारलं होतं. उत्तर आलं: 'आक्षेपार्ह काही आढळत नाही. तथापि आश्चर्य वाटले.'

दार दादानेच उघडलं.

"मणका?" त्याने विचारलं.

"चौथा-पाचवा."

"बसवत नाही?"

"उभं राहवतं. आडवं पडवतं. बसणं तेवढं बंद."

"हं," दादा म्हणाला आणि बाजूला झाला. तिने वकीलपत्र दाखल केल्या दिवसापासून भावाबहिणीचं बोलणं शरीरशास्त्रावर येऊन थांबलं होतं. मणका, आईचा रक्तदाब, दादाची दाढ. बाकी सगळं न्यायप्रविष्ट.

दादा वाळला होता. डोळ्यांखाली कोणी अंगठ्याने शाई लावल्यासारखं दिसत होतं. धाकटीने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. त्याच्या चेहऱ्यावरून काही वाचणं हेसुद्धा एक प्रकारे पक्षकाराच्या पाठीमागे बोलणंच झालं असतं.

आत मामा आधीच येऊन बसला होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, निवृत्त फुटबॉल पंच. उभ्या आयुष्यात एकदा दिलेला निर्णय त्याने कधी बदलला नाही, आणि त्यामुळे दोन गावांत त्याला आजही जाता येत नाही. "मी इथे तटस्थ म्हणून आलोय," त्याने धाकटीला आल्या आल्या सांगितलं. त्याच्या शर्टाला इस्त्री वहिनीच्या घरची होती.

आई टेबलाच्या टोकाला. एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली. निवृत्त शाळेतून, मुख्याध्यापिकापणातून नाही. समोर केक होता. त्यावर नुसतंच 'अभिनंदन' असं लिहिलेलं.

"माझं अभिनंदन कशाबद्दल?" आई म्हणाली. "जगले म्हणून?"

"बेकरीवाल्याने चूक केली, आई," वहिनी म्हणाली.

"आणि तारखेचं?"

"ते आपलं सोयीने."

"म्हणजे जन्म माझा आणि सोय तुमची. बरं. वाढा."

धाकटीने आपली सूपची वाटी उचलून भिंतीजवळच्या पुस्तकांच्या उंच कपाटावर ठेवली आणि तिथे उभ्याने सूप प्यायला लागली. बाकी चौघं बसलेले, ती एकटी उभी. पंचवीस वर्षांची सवय असल्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बसलेल्या लोकांना दमल्यासारखं दिसताना पाहून थोडं घरच्यासारखंच वाटलं.

वकिली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर साक्षीदार येतात, उलटतपासणी येते, टेबलावर आपटलेली मूठ येते. धाकटीने आजवर एकाही साक्षीदाराला प्रश्न विचारला नव्हता. माणसं खालच्या कोर्टात असतात. वरच्या कोर्टात त्यांचे कागद येतात. तिचं काम एवढंच, की एका दमलेल्या न्यायाधीशाचं कुठे चुकलं ते तीन दमलेल्या न्यायाधीशांना, आपण स्वतः दमलेलो नाही असं भासवत सांगायचं. निकालपत्र वाचताना लिहिणारा जेवायला कुठे उठला तेसुद्धा तिला कळायचं. जेवणाआधीचे परिच्छेद ताठ उभे असतात, जेवणानंतरचे टेकून बसतात. हे काम तिने वडिलांकडून, अप्पांकडून घेतलं, अप्पांची चेंबर घेतली, अप्पांची खुर्ची घेतली आणि खुर्चीबरोबर हा मणका. अप्पा गेले तेव्हा टेबलावर एक अपील अर्धवट वाचून पडलं होतं. ते तिने पुरं केलं आणि हरली. तेव्हापासून तिला मनापासून सुट्टी हवी होती.

सूप संपेपर्यंत वहिनीने दम धरला. मग मासे वाढता वाढता म्हणाली, "पाठीचं खूपच आहे का गं?"

"आहे."

"डॉक्टर विश्रांती म्हणत असतील."

"म्हणतात."

"मग घे की विश्रांती. मंगळवारचं काय, पुढची तारीख मागायची. सर्टिफिकेट खोटंसुद्धा नाही लागणार."

दादाने चमचा खाली ठेवला. "हा विषय माझ्यासमोर नको. प्रकरण प्रलंबित आहे. मी ऐकणार नाही आणि बोलणार नाही."

"जेवणार ना?" आईने विचारलं.

"जेवणार."

"मग बस जेवत."

दादाने चमचा उचलला आणि कोर्टात एखादा कंटाळवाणा अर्ज चालू असताना बसतो तसा, चेहरा पुसून टाकून, माशाचे काटे काढत बसला.

"पुढची तारीख म्हणजे केव्हाची?" मामाने विचारलं.

"दोन महिने," वहिनी म्हणाली. "तोवर यादी लागून जाईल. मग हिने काय हवं ते करावं. अख्खा निकाल फाडून टाकावा, मी चहा करून देईन. मी कोणाला हरायला सांगतेय का? नुसतं दोन महिने थांब म्हणतेय. आजारी माणसाला आजारी पड म्हणतेय."

"हे रास्त आहे," मामा म्हणाला. "खेळाडू जखमी असेल तर खेळ थांबवायचा. साधा नियम."

"तटस्थ ना तू?" धाकटी म्हणाली.

"तटस्थपणेच म्हणतोय."

धाकटीने उत्तर दिलं नाही, कारण खरी गोष्ट तिला सांगायची नव्हती. तारीख तिलाही हवी होती. गेले चार दिवस ती पलंगावर पालथी पडून, पेपरबुक जमिनीवर ठेवून, वरून वाकून वाचत होती. पेपरबुक म्हणजे खालच्या कोर्टातला सगळा खटला एका जाड बांधणीत. ते उचलूनच या वेळी मणका गेला होता. वेळ मागणारं पत्र तिच्या डोक्यात केव्हाच तयार होतं. फक्त सही करायची. तीनही न्यायाधीश आनंदाने 'हो' म्हणाले असते, कारण त्यांनाही कोणीतरी तारीख मागावी असं सकाळपासून वाटत असतं. वकिलीत इतकी सोपी आणि इतकी सर्वांना आवडणारी गोष्ट दुसरी नाही. एकच अडचण होती. मेकॅनिकला जामीन मिळाला नव्हता. तारखेचे दोन महिने सगळ्यांसाठी बाहेर जाणार होते, त्याच्यासाठी आत.

"पण चुकलं काय आहे त्यात?" आईने अचानक विचारलं. "निकालात. नक्की चूक काय, ते मला कोणी सांगितलेलंच नाही."

"आई, राहू दे," धाकटी म्हणाली.

"का राहू दे? निकाल काय गुपित असतो? भर कोर्टात वाचलेला. माझ्या मुलाने लिहिला, माझी मुलगी खोडणार, आणि मी केक कापू. सांग."

धाकटीने दादाकडे पाहिलं. दादा काटे काढत होता.

"चौघं होते," ती म्हणाली. तिला हे पाठ होतं. "एका ऑफिसच्या इमारतीत, वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. लिफ्टची दुरुस्ती चालली होती. कोणीतरी ब्रेक सोडला. लिफ्ट खाली गेली, आत एक माणूस होता, तो गेला. मॅनेजर धावत वर आला आणि ओरडला, 'कोणी केलं?' तिघं म्हणाले, 'मी नाही, मी नाही, मी नाही.' चौथा काहीच बोलला नाही. तो चौथा माझा पक्षकार."

"बाकी पुरावा?" मामाने विचारलं.

"बाकी बोटांचे ठसे चौघांचेही. कामच ते त्यांचं. साक्षीला तिघं उभे राहिले, तिघं सांगतात तो चौथा. चाळीस परिच्छेद दादाने सगळं नीट मांडलंय. चाळिसाव्याच्या शेवटी लिहिलंय की एवढ्यावर काही ठरवता येत नाही. उत्तम लिहिलंय. मग एक्केचाळिसावा येतो."

"वाच," आई म्हणाली.

"पाठ आहे. 'निरपराध व्यक्ती विचारणा होताच बोलते...'"

"'...गप्प बसणाऱ्याने आपलं उत्तर दिलेलं असतं,'" मामाने तोंडात घास ठेवून वाक्य पुरं केलं, आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन घास गिळला.

मामाने ते वाक्य निकालपत्रात वाचलेलं नव्हतं. मामाने आयुष्यात निकालपत्र पाहिलं नव्हतं. ते वाक्य त्याने सहा वर्षांचा असताना, फुटलेल्या बरणीसमोर उभं राहून, आपल्या मोठ्या बहिणीच्या तोंडून प्रथम ऐकलं होतं. पुढे तेच शाळेत हजारो मुलांनी ऐकलं. घरात तर तो कायदाच होता. काही फुटलं, हरवलं, सांडलं की आई दोघांना उभं करून विचारायची, कोणी केलं. दादा ताबडतोब 'मी नाही' म्हणायचा. धाकटी मुळात हळू उत्तर देणारी. प्रश्न आला की आधी तो नीट कळून घ्यावा असं तिला वाटायचं. कोर्टात याला विचारपूर्वक उत्तर म्हणतात. घरी याला गुन्हा म्हणायचे. आई खालचं कोर्ट आणि अप्पा वरचं, पण अप्पांनी घरातली झाडून सगळी अपिलं वर्तमानपत्रामागूनच फेटाळली.

"माझं वाक्य आहे ते," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर वाढदिवसाचा आनंद पहिल्यांदाच दिसला. "खाली नाव दिलंय का माझं?"

"नाही, आई."

"द्यायला हवं होतं. पण बरोबर लिहिलंय. यात चूक कुठे आहे?"

"चूक अशी आहे, की गप्प राहायचा माणसाला हक्क असतो. त्यावरून तो दोषी ठरत नाही."

"हक्क असेल. पण खरं काय ते कळतं ना? तीस वर्षं मुलं बघितली मी. ज्याने केलेलं नसतं तो बेडकासारखा उडी मारतो."

"आणि ज्याने केलेलं असतं तो?"

"तो..." आई थांबली.

"तो जास्त उंच उडी मारतो," मामा म्हणाला. "सांगतो ना. ज्याने पाय घातलेला असतो तोच आधी दोन्ही हात वर करतो. ज्याने नसतो घातला तो बूट बघत असतो. ताई, मला आता धाकटीचं पटायला लागलंय."

"तुम्ही तटस्थ राहा!" वहिनी म्हणाली.

"म्हणजे दर वेळी माझं चुकलं?" आई म्हणाली. "ठीक आहे. मग तो गप्प का राहिला ते सांग. एक माणूस मेला आणि हा तोंड शिवून उभा. का?"

हा प्रश्न मंगळवारी येणारच होता. तीनपैकी मधले न्यायाधीश विचारणार, हेही धाकटीला माहीत होतं. उत्तर तिने घासूनपुसून, दोन निवाड्यांच्या आधारासह तयार ठेवलं होतं. पण समोर आई होती, आणि आईला निवाड्यांचा आधार चालत नसे.

"त्याच्या जबाबात एकच ओळ आहे," ती म्हणाली. "पान दोनशे बारा. त्याला कोर्टात विचारलं, मॅनेजरने विचारलं तेव्हा तू बोलला का नाहीस. तो म्हणाला, 'मी खाली बघत होतो.'"

"खाली म्हणजे?"

"लिफ्टच्या खड्ड्यात. आई, खाली त्या लिफ्टमध्ये माणूस पडला होता. बाकीचे तिघं मॅनेजरकडे बघत होते. हा एकटा खाली बघत होता."

आई काही बोलली नाही. तिने चमच्याने भाताचा एक ढीग केला, मग तो मोडला. धाकटीने तिच्या गप्प राहण्यावरून काही ठरवलं नाही. निदान तसा प्रयत्न केला. पण तारखेचं पत्र, जे डोक्यात सहीसाठी तयार होतं, ते आता तिथे नव्हतं. ही ओळ तिने आजवर वाचली होती. मोठ्याने उच्चारली पहिल्यांदाच. दोनशे बारावं पान एवढाच जो तिच्यासाठी होता, तो माणूस आज जेवणाच्या टेबलाशी येऊन उभा राहिला होता, आणि कोणी त्याला बस म्हणेना.

"तू सांग," आई एकदम दादाकडे वळली. "तू बघितलंस ना त्याला. समोर उभा होता तुझ्या. बरोबर लिहिलंस का चुकलास?"

दादाने मान वर केली. तोंड उघडलं. मिटलं.

"अरे, आई विचारतेय."

दादाने चमचा ठेवून दिला आणि हात मांडीवर घेतले. न्यायाधीशाने एकदा निकालावर सही केली की त्याविषयी त्याला बोलता येत नाही, आईशी नाही, बहिणीशी नाही, बायकोशी नाही. चूक केली असेल तर दुरुस्त करता येत नाही आणि बरोबर केलं असेल तर सांगता येत नाही. पुढचं सगळं वरच्या कोर्टाच्या हातात. हे त्याला ठाऊक होतं, धाकटीला ठाऊक होतं, आणि आईने हे कधीच मान्य केलं नव्हतं.

"गप्प बसला," मामा हळूच म्हणाला. "म्हणजे ताईच्या कायद्याने..."

"चुकला," आई म्हणाली. ती स्वतःच जरा दचकली. पण एकदा दिलेला निकाल मागे घेणं तिच्याही रक्तात नव्हतं. "विचारलं आणि बोलला नाही. उत्तर दिलंन. चुकला तो."

"झालं!" वहिनी उभी राहिली. "आईनेच मुलाला दोषी ठरवलं. आता मंगळवारी कशाला जायचं कोर्टात? इथेच झालं की अपील!"

"नाही झालं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला आणि त्याबरोबर मणक्यातून एक सणक पायापर्यंत गेली. "आई, हे चालणार नाही. तो गप्प राहिला म्हणून चुकला असं म्हणता येत नाही. त्याला बोलायला बंदी आहे. त्याच्या गप्प राहण्याचा काहीही अर्थ काढायचा नाही."

"अगं, मी तुझ्याच बाजूने निकाल देतेय!"

"मला नकोय असा. चुकीच्या कारणाने दिलेला निकाल टिकत नाही."

"म्हणजे तू आता दादाच्या बाजूने भांडतेयस?" मामाने विचारलं. "मग तुझ्या विरुद्ध कोण आहे?"

धाकटीने विचार केला. तिच्या पंचवीस वर्षांच्या वकिलीत ती जिंकत असताना स्वतःच हरकत घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती. "मला माहीत नाही, मामा," ती खरं ते म्हणाली. "मला खूप पाठ दुखतेय."

केक तसाच राहिला. वहिनी ताटल्या गोळा करून आत गेली. आतून नळाचा आणि भांड्यांचा जो आवाज यायला लागला तो भांडी घासण्याचा नव्हता. धाकटी आपली ताटली घेऊन मागोमाग गेली. ओट्याला टेकून तिला जरा बरं वाटलं.

"तू जाणार," वहिनी पाठमोरीच म्हणाली.

"जाणार."

"आणि जिंकणार."

"सांगता येत नाही. मधले न्यायाधीश कोणाचंच ऐकत नाहीत."

"जिंकणार तू. मला कळतं. मामांना कळलं म्हणजे कोणालाही कळेल." वहिनीने नळ बंद केला नाही. "तुला वाटतं मला बढतीबरोबर मिळणारा बंगला हवाय. पडदे मोजून आले मी त्या बंगल्याचे, हो, आले. हसा तुम्ही. पण मला बंगला नकोय. हा माणूस झोपत नाही. पहाटेपर्यंत छताकडे डोळे लावून पडतो. विचारलं तर म्हणतो दाढ. दाढ काढून टाकली तरी झोपत नाही. एकदा ते यादीचं होऊन जाऊ दे म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरेल, झोपेल तरी. म्हणून म्हणते दोन महिने थांब. माझ्यासाठी नाही गं."

धाकटी नेहमीप्रमाणे हळू उत्तर देणार होती. पण उत्तराऐवजी तोंडातून प्रश्न आला.

"यादीचं कळलं केव्हा?"

"आता, या महिन्यात. पहिल्या आठवड्यात."

"आणि झोप कधी गेली?"

"झोप ना, ती तर केव्हाची... उन्हाळा सुरू होत होता. आम्ही पंखा दुरुस्त करून घेतला, मला वाटलं उकडतंय म्हणून..."

वहिनीने नळ बंद केला.

निकाल उन्हाळ्याच्या तोंडावर लागला होता. ते धाकटीने सांगितलं नाही. तिने आणखी काहीच विचारलं नाही. साक्षीदाराला कुठे थांबवायचं असतं हे तिने पुस्तकांत खूप वाचलं होतं. प्रत्यक्षात इतकं वाईट वाटतं हे पुस्तकांत नव्हतं.

"म्हणजे यादीमुळे नाही," वहिनी म्हणाली.

"मी काही म्हणत नाहीये. मला म्हणता येत नाही."

"तुम्हा दोघांना काहीच कसं म्हणता येत नाही गं? काय घर आहे हे!" वहिनीने ओला हात कपाळावर टेकला. "तारीख घेतलीस तर तो माणूस दोन महिने आत."

"हो."

"आणि हा दोन महिने छताकडे."

धाकटीने ओट्यावरची ओली ताटली वहिनीकडे सरकवली.

"आणि जिंकलीस तर यादी गेली."

"बहुतेक."

"बहुतेक काय, गेलीच." वहिनीने एक ताटली पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली. मग ती खाली ठेवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आणि हरलीस तर?"

"हरले तर त्याच्याही वर एक कोर्ट आहे."

"तिथे कोण जाणार?"

"मीच. आणखी कोण जातंय."

"अगं, मग नीट जिंक की इथेच," वहिनी म्हणाली. "उगाच कशाला दोनदा उभं राहतेस अशा पाठीने."

त्या बाहेर आल्या तेव्हा मामा केकवरचं 'अभिनंदन' सुरीने खरवडून खात होता. आई खिडकीशी बसली होती. दादा सोफ्यावर, कडेला, पाहुण्यासारखा.

"अहो," वहिनी म्हणाली. "मंगळवारी आहे ते चालणार आहे. ही तारीख घेत नाहीये. मी तिला सांगितलंय, घेऊ नको."

दादाने वहिनीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. धाकटीकडे पाहिलं नाही, कारण तसं करणं बरोबर दिसलं नसतं. मग तो म्हणाला, "चहा नको मला," जो कोणी विचारलाच नव्हता. त्याने चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि सोफ्याच्या पाठीवर डोकं टेकलं.

मामा यादीबद्दल काहीतरी विचारणार होता. वहिनीने हात वर करून त्याला थांबवलं, आणि जन्मात पहिल्यांदा मामा दुसऱ्याच्या इशाऱ्यावर थांबला. दादाचं तोंड हळूहळू उघडलं. मान एका बाजूला गेली. आणि भर दुपारी, चार माणसांदेखत, पडदे उघडे, समोर अर्धा केक, न्यायाधीश घोरायला लागला. साधंसुधं नाही. मोटारीचं इंजिन थंडीत पकडत नाही तसं आधी दोनदा अडखळून, आणि मग एकसारखं.

कोणी हललं नाही. वहिनीने जाऊन फोनची रिंग बंद केली. मामाने सुरी बशीत न ठेवता हातातच धरली. धाकटी उभीच होती, भिंतीला टेकून. झोपेवरून काही अनुमान काढता येत नाही, असं तिने स्वतःला बजावलं. माणूस दमतो, माणूस झोपतो. एवढंच नोंदवता येईल.

आई खिडकीजवळून उठून हलक्या पावलांनी आली. मुलाच्या उघड्या तोंडाकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग मुलीच्या कानाशी येऊन, अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाली, "बघ. बोलला."

"आई, घोरणं हा पुरावा नसतो."

"तुझ्या कोर्टात नसेल," आई म्हणाली, आणि त्याच्या अंगावर घालायला शाल शोधायला गेली.